चुकलेल्या उत्तराची चौकशी

आमच्या हिला बरोबर उत्तरांचा कंटाळा येतो. ही घरी गणिताच्या शिकवण्या घेते. काल एका मुलीने अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं लिहिलं. मी तिथल्या तिथे फुली मारली असती. हिचे डोळे मात्र चमकले. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "हे कसं सुचलं गं तुला?"

"दोनदा चेंडू मारला, एक गोल झाला. मग तीनदा मारला, पुन्हा एकच. म्हणजे पाचांपैकी दोन."

"अगदी बरोबर! पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आता सांग, अर्ध्या बादलीत आणखी पाणी ओतलं, तर ते अर्ध्याहून कमी होईल?"

मुलगी हसली आणि स्वतःच खोडू लागली.

संसारात मीही काही कमी चुकलेलो नाही. पण माझ्यासाठी हिने कधी खुर्ची ओढलेली नाही!