कट मारणारी पोरगी

अब्बा आष्ट्यात सुतारकाम करतात. मी बारावीत असताना सांगलीला जिल्ह्याच्या मुलींच्या क्रिकेट संघाची निवड होती. त्याच दिवशी अब्बांना तिकडं एक कपाट पोचवायचं होतं, म्हणून मी त्यांच्याच टेम्पोत बसले.

गाव सोडलं आणि एका मोटारसायकलवाल्यानं आम्हाला असा कट मारला की अब्बांनी करकचून ब्रेक दाबला. मागं कपाट आडवं झालं, नव्या पॉलिशवर लांबच्या लांब ओरखडा उठला. अब्बा सांगलीपर्यंत धुमसत होते. "कट मारणाऱ्यांची लायसनच काढून घ्यायला पायजेत!"

मैदानावर आम्हाला क्रिकेट शिकवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी अब्बांना नमस्कार केला आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमची मुलगी कट फार सुंदर मारते हो!"

अब्बांचा चेहरा पडला. ते माझ्याकडं वळले. "तू गाडी कवा चालवायला लागलीस?"

मला हसू आवरेना. मॅडमना काहीच कळेना. रस्त्यात काय झालं ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझी बॅट घेतली आणि आडवी फिरवून दाखवली. "हा क्रिकेटमधला कट. बॉल बाजूनं जायला लागला की असा मारायचा."

अब्बांनी नीट बघितलं. "ह्यात कुणाला लागत न्हाई न्हवं?"

"नाही हो."

"मग मारू द्या."

कपाट पोचवायला जायचं सोडून ते तिथंच थांबले. त्यांनी माझा खेळ कधी बघितलाच नव्हता. ते बघतायत म्हणून मी घाईनं बॅट फिरवत होते. पहिला कट हुकला, दुसराही. तिसरा मात्र बॅटच्या मधोमध बसला आणि बॉल थेट सीमेच्या दोरीपार गेला. कडेला एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी यादीत माझं नाव आलं. अब्बांनी लगेच अम्मीला फोन लावला, पण "पोरगी निवडली!" एवढंच सांगून फोन माझ्या हातात दिला. मी सांगत होते तोवर त्यांनी समोरच्या गाड्यावरून दोन भेळी आणल्या. टेम्पोच्या फळीवर बसून आम्ही खाल्ल्या. मला वाटलं, आता घरी जाऊ. अब्बा म्हणाले, "बस की जरा. कपाट मागनं पोचवू. आजून धाकट्या गटाच्या पोरी खेळत्यात."

आम्ही शेवटच्या बॉलपर्यंत बसलो.