चुकीचं सँपल

"हिलाच बसवा मध्ये. हिच्या घरी कुणी काही शिकवलेलं नसणार."

काका असं म्हणाले आणि मला हॉलच्या मधोमध बसवलं. मी नऊ वर्षांची होते. हात ओले होते, आत आईबरोबर बशा पुसत होते म्हणून. ते फ्रॉकला पुसले. भोवती सोफ्यावर, खुर्च्यांवर सात-आठ माणसं. सगळ्यांच्या हातात आइस्क्रीमच्या वाट्या. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर ते घर. आई तिथं धुणंभांडी करायची. काका मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्या दुपारी त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता, भांडी जास्त पडणार म्हणून आईने मला ठाकुर्लीच्या चाळीतून सोबत आणलेलं.

वाद काका आणि त्यांच्या मुलीत चाललेला. ती कॉलेजात शिकवायची, आम्ही तिला ताई म्हणायचो. पोराला सगळ्यांनी गाड्याच आणलेल्या, त्यावरून सुरू झालं. ताई म्हणत होती, मुलांना गाड्या आणि मुलींना बाहुल्या आवडतात हे आपणच त्यांना शिकवतो. काका म्हणत होते, छे, ते निसर्गाचं आहे. आवाज चढले. मग काकांना मी दिसले, स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी.

"तुझं नाव काय गं?"

वर्षभर अधूनमधून त्या घरात येत होते मी. नाव पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, ते पाहुण्यांकडे बघत होते.

काकूंनी कपाटातून ताईच्या लहानपणची बाहुली काढली. स्टीलची जुनी भातुकली काढली. आणि नातवाच्या भेटींतला एक डबा उघडला. त्यात पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रू, चार चाकं आणि एक छोटा पाना. जोडलं की क्रेन व्हायची. डब्यावर चित्र होतं.

तिन्ही खेळणी माझ्यासमोर ठेवली.

"तुला काय आवडतं ते उचल," काका म्हणाले. "घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही असं मोठा माणूस म्हणाला की आधी भीतीच वाटते. मलाही वाटली.

मला पाना हवा होता. आमच्या घरी स्टोव्ह बिघडला की मीच उघडायचे. पिन घालायचे, वायसर बदलायचे. आई म्हणायची, हिची बोटं बारीक आहेत. पण घरी काय होतं, एक गंजका स्क्रू ड्रायव्हर. हा पाना नवा होता, माझ्या बोटाएवढा. माझा हात त्याच्याकडे गेला.

आणि थांबला.

मी वर बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला साबणाचा फेस. तिने मान हलवली नाही. फक्त डोळे केले. आधी पान्याकडे बघून मोठे केले, मग भातुकलीकडे वळवले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. आईला एवढी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती.

मी भातुकली उचलली.

टाळ्या. खरंच टाळ्या वाजवल्या त्यांनी.

"पाहिलंत?" काका म्हणाले. "हिच्या घरी खेळणं नाही, पुस्तक नाही. कोरी पाटी. तरी उचललं काय? मुलींना हे जात्याच असतं."

सोफ्यावरच्या एका पाहुण्याने पुढे जोडलं, "आई भांडी घासते, पोरीने भांडीच उचलली. रक्तातच असतं हो ते."

हसले. ताई हसली नाही. मला वाटलं, ही आता माझी बाजू घेणार. ती म्हणाली, "बाबा, हे काही प्रूफ नाही. ह्यांच्याकडे तर असं शिकवणं आणखी जास्त असतं. लहानपणापासून कामाला जुंपतात मुलींना. हे चुकीचं सँपल आहे."

सँपल शब्द मला माहीत होता. दवाखान्यात बाटलीत भरून देतात ते.

दोघांनाही मी हवी होते. काकांना जिंकायला, ताईला जिंकायला. मला काय पाहिजे होतं हे त्या हॉलमध्ये एकच बाई ओळखत होती, आणि ती मोरीकडे परत गेली होती.

काकू म्हणाल्या, "ने ती भातुकली, तुलाच." मी थँक्यू म्हटलं. म्हणायला लावलं.

घरी जाताना मी आईला विचारलं, "तू मला डोळे का केलेस?"

ती पटापट चालत होती. "पोराचा नवा डबा. एक स्क्रू जरी हरवला असता तर नाव कुणाचं आलं असतं? तुझं. मग माझं. मग त्या बिल्डिंगमधली कामाची चारही घरं गेली असती."

"मला भातुकली नको होती."

"माहीत हाय मला."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "जात्याच म्हणजे काय?"

"जन्मापासून असतं ते." मग म्हणाली, "का जातीवरनं म्हणत असतील. मला काय ठावं."

भातुकलीशी मी खेळले नाही. माझा धाकटा भाऊ खेळला. पाच वर्षांचा होता. चाळीच्या पायरीवर बसून मातीचा भात करायचा, पानांची भाजी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायचा. "गरम आहे, फुंकून खा," म्हणायचा. त्याला हे कुणी शिकवलेलं? वडिलांनी एके दिवशी बघितलं. "बायल्या होणार का रे?" म्हणाले आणि कानाखाली वाजवली. भातुकली चाळीमागच्या रुळांपलीकडे भिरकावली. भाऊ रडलाही नाही, नुसता वडिलांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो दगडाची गाडी करून "घुर्रर्र" करत फिरायला लागला. शेजारीण म्हणाली, "पोराची जातच तशी, गाडीशिवाय सुचत नाही."

माझ्या डोक्यात पक्कं बसलं की माणसं बघायला उशिरा येतात. पोराचा मार खाऊन झाल्यावर येतात, आणि मग जे दिसतं त्याला स्वभाव म्हणतात.

बारावी झाले. बालवाडीचा कोर्स केला. आज मी ठाण्यात, टॉवरच्या तळमजल्यावरच्या एका प्लेस्कूलमध्ये काम करते. कोर्स झालेला असूनही मला मावशी म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या चौघी आहेत, त्या टीचर. मी पोरांना शू-शीला नेते, डबे भरवते आणि खेळण्यांचा कोपरा बघते.

आठ वर्षं तो कोपरा बघतेय. मला विचाराल, आवड जन्मतः असते की वाढवण्यातून येते, तर मी सांगेन, मला माहीत नाही. काही पोरी पहिल्या दिवसापासून बाहुलीला चिकटतात, आईने घरी ट्रक दिलेला असला तरी. काही मुलगे चाकं फिरवत तास घालवतात, कुणी न सांगता. असेल काही रक्तात. पण एक गोष्ट मी रोज बघते. पोराचा हात एका खेळण्याकडे जातो. मध्येच थांबतो. डोळे वर येतात, कोण बघतंय ते शोधतात. मग हात दुसरीकडे वळतो. अडीच वर्षांच्या पोरांत बघितलंय हे मी. तेवढं मला ओळखता येतं.

आरुष साडेतीन वर्षांचा. शांत पोरगा. रोज येऊन बाहुली घ्यायचा, नॅपकिनमध्ये गुंडाळायचा, मांडीवर थोपटायचा. घरी नुकतीच बहीण झालेली. टीचरने त्याचा बाहुली थोपटतानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. छान आला होता फोटो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता, पोरं घरी जायच्या वेळी, त्याचे वडील आले. एरवी ड्रायव्हर यायचा. इतर मुलांच्या दोन-तीन आया दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच त्यांनी मॅडमना विचारलं, "हे कोण शिकवतं इथे?"

मॅडम म्हणजे शाळेच्या मालकीण. त्यांनी बोट केलं माझ्याकडे. "तो कॉर्नर मावशी बघतात."

"मावशी, तुमच्यात चालत असेल हे," ते म्हणाले. "आमच्या घरात मुलगा मुलासारखा वाढतो. सगळ्यांचा तसाच वाढतो. नॅचरल असतं ते. तुम्ही त्याला बिघडवताय."

"सर, मी काही शिकवलं नाही. तो स्वतःहून घेतो."

"असं? बघू या."

त्यांनी एक गाडी उचलली, बाहुली उचलली, आणि दोन्ही जमिनीवर ठेवली. आरुषला दंडाला धरून समोर बसवलं. "चल, पप्पांना दाखव. तुला काय आवडतं? घाबरायचं नाही."

आया बघत होत्या. एकीने मोबाइल वर केलेला. आरुषचा हात बाहुलीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने वडिलांकडे बघितलं. तिथं त्याला काय दिसायचं ते दिसलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

सगळ्या जगात त्या वेळी तो मलाच विचारत होता. काय करू?

आणि माझे डोळे गाडीकडे वळायला लागले.

ते मला कळलं. आपोआप होत होतं. नोकरी जाईल. मॅडम चिडतील. घे रे बाबा गाडी, घे आणि सुट. मी सुटेन, तू सुटशील. माझ्या आईची भीती माझ्या चेहऱ्यावर येऊन बसली होती, आणि समोर एक लेकरू ती वाचत होतं.

"सर, हे थांबवा," मी म्हटलं.

आवाज चिरका आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय?"

"तो घाबरलाय. घाबरलेलं पोर आवडीचं उचलत नाही. सुटका होईल ते उचलतं."

"तुम्ही मला सायकॉलॉजी शिकवणार?"

"नाही सर. मी त्याच्या जागी बसलेय एकदा. माझी पण अशीच परीक्षा घेतलेली. सगळे टाळ्या वाजवत होते."

ते काहीतरी बोलणार तेवढ्यात आरुषच्या चड्डीतून लादीवर ओघळ आला. तो रडत नव्हता. तसाच बसला होता, हात दोन खेळण्यांच्या मध्ये हवेत.

वडील मागे सरकले. "मावशी, साफ करा हे."

मी लादी साफ केली नाही. आधी आरुषला उचललं. माझी साडी भिजली. आत नेलं, धुतलं, कोरडी चड्डी घातली. तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून होता आणि त्याचं काळीज चिमणीसारखं धडधडत होतं. माझंही. कुणाचं कुठलं ते कळेना.

बाहेर आले तेव्हा आया गेल्या होत्या. वडिलांनी पोराला माझ्याकडून घेतलं आणि गेले.

तासाभराने मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. समोर इंग्रजीत टाइप केलेला कागद.

"सही करा."

"काय लिहिलंय, मराठीत सांगा."

त्यांनी सुस्कारा सोडला. "की तुम्ही मुलाला बाहुलीशी खेळायला लावलंत, पालकांशी उद्धट बोललात, पुन्हा होणार नाही. एवढंच. ते मोठे पेरेंट आहेत, मावशी. अख्ख्या टॉवरमध्ये त्यांचं वजन आहे. सही केलीत तर विषय संपला."

"मी लावलं नाही, मॅडम. तुम्ही रोज काचेतून बघता. तुम्हाला माहितेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सोमवारपर्यंत विचार करा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

आईला फोन केला. ती आता टिटवाळ्याला माझ्या भावाकडे असते, गुडघे गेलेत. सगळं ऐकून घेतलं तिने.

"सही करून टाक," ती म्हणाली. "कागदानं काय होतंय?"

"आई, मी त्याला डोळे करणार होते. तू मला केलेले तसे."



"मी दुसरं काय करणार होते गं?" आई म्हणाली. तिचा आवाज फुटला. "सांग ना. दुसरं काय करणार होते?"

तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. चार घरं होती तिची, आणि आम्ही दोन पोरं. तिला घाबरायला भाग पाडणारे आइस्क्रीम खात होते.

आज रविवार आहे. मी दुसरा कागद लिहिलाय, मराठीत, माझ्या अक्षरात. 'मी मुलाला काहीही खेळायला लावले नाही. त्याने स्वतः बाहुली घेतली. सर्वांसमोर त्याला घाबरवले, ते चूक झाले. माझा कोर्स झालेला आहे, मला मावशी म्हणू नये.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि ठेवलं.

उद्या नोकरी जाईल, बहुतेक जाईलच. दारावर कुणी टकटक केलं तरी दचकतेय. मी शूर नाही, हे कुणी शूरपणाचं म्हणून वाचू नये.

पण जिथं काम मिळेल तिथं पोरं असतील आणि मोठी माणसं असतील, आणि एखाद्या लेकराला मध्ये बसवून कुणीतरी म्हणेल, उचल. त्या वेळी मी मध्ये पडणार. घाबरत का होईना, पडणार. आधी तुम्ही खोलीच्या बाहेर व्हा, दार लावा, मग त्याला काय आवडतं ते विचारा, असं सांगणार. ताईला सांगणार, काकांना सांगणार, ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनाही सांगणार.

त्यांच्या कागदावर मी सही करणार नाही.