भाऊजींचा जबडा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकणाऱ्याने गाडी खांबाला घासू दे, भर चौकात बंद पाडू दे, नाहीतर तिला उचकी लागल्यासारखी नाचवू दे, भाऊजींच्या तोंडी एकच शब्द, "छान." म्हणून घरात आम्ही त्यांना शांतिसागर म्हणतो. माझ्या आईला तर या जावयाचं कोण कौतुक! "असा माणूस शोधून सापडायचा नाही," हे ती नेमकं माझ्या नवऱ्यासमोर म्हणते.

तर या शांतिसागराची दाढ एका सकाळी शेंगदाणा खाताना चिरली. शेंगदाणा काही कच्चा नव्हता, चांगला भाजलेला, खुसखुशीत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. दाढा झिजून सपाट, कानाखालचे स्नायू सुपारीसारखे टणक.

"तुम्ही दात आवळता," बाई म्हणाल्या. "झोपेत आणि जागेपणीही."

"मी? छे!" भाऊजी म्हणाले. तेही दातावरचा दात न काढता.

मग बाईंनी नीट समजावलं. मनावरचा ताण, अपुरी झोप, दिवसभर ढोसलेला चहा, सगळ्याचा भार जबड्यावर येतो. दात एकमेकांना टेकावेत ते फार तर चावताना आणि गिळताना. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल टेकलेली. झोपताना लावायला त्यांनी एक पारदर्शक प्लेट करून दिली, कोमट शेक घ्यायला सांगितला आणि बजावलं, "प्लेट दात वाचवेल, सवय मोडणार नाही. ती तुम्हालाच मोडायचीय. नाहीतर दाढ तर जाईलच, आणि एखाद्या दिवशी जबडा उघडायचाच नाही."

ताई हादरली. "सोडा ते शिकवणं," म्हणून तिने दाताच्या कण्या केल्या. पण भाऊजींना ते काम जीव की प्राण. शेवटी त्यांनी महिन्याची मुदत मागून घेतली. तेवढ्यात फरक पडला नाही, तर गाडीची किल्ली ताईच्या हातात.

आता गाडीत त्यांच्या जबड्यावर पहारा कोण ठेवणार? अर्थात मी! केस पिकायला लागले तरी या घरात मी अजून 'छोटी'च. "तुला शिकायचंच होतं ना," ताई म्हणाली, "मग शीक. आणि त्यांनी दात आवळले की टोक."

भाऊजींनी समोरच्या काचेखाली एक लाल ठिपका चिकटवला होता. तो दिसला की दात सुटे सोडायचे, ही बाईंचीच युक्ती. पण शिकणाऱ्यांना वाटायचं, ठिपका आपल्यासाठी आहे. एका शिंपीणबाईंनी तर त्याच्यावर नजर रोखून गाडी थेट फुटपाथवर चढवली. "छान," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा गाल टरारून फुगला. जुने विद्यार्थी म्हणे आरशाऐवजी त्या गालाकडेच बघायचे. गाल फुगला की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं!

मीही तेच करत बसले. शाळेपाशी वळताना गाल हलला आणि मी विजयी आवाजात ओरडले, "भाऊजी, दात!"

"थांब!"

हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी आपल्या पायाखालचा, शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक दाबला होता. समोर, हातभर अंतरावर, पिशवी घेतलेले एक आजोबा. मला ते दिसलेच नव्हते. आजोबांनी माझा यथेच्छ उद्धार केला आणि ते पुढे गेले.

मी गाडी कडेला घेतली. भाऊजी गाल धरून बसले होते.

"छोटे, मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "रोज वाटते. कुणाच्याही हातात स्टिअरिंग दिलं की वाटतं, आज कुणाच्या तरी घरचं माणूस जाणार. ओरडलो तर शिकणारा आणखी गडबडेल, म्हणून सगळं गिळतो."

"ताईला सांगितलंत कधी?"

"कसं सांगू? तुम्ही सगळे मला शांतिसागर म्हणता."

एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लागतात. तेव्हा मात्र मला नुसतं रडू आलं.

घरी गेल्यावर त्यांनी ताईला सगळं सांगितलं. तिने शेकाची पिशवी आणून त्यांच्या गालाला धरली आणि पाणी गार होईपर्यंत तशीच बसून राहिली. महिन्याअखेरीला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तेव्हा तोंडात दोन बोटं मावत होती. प्लेट अजून सुटलेली नाही, चहा निम्म्यावर आलाय, किल्ली भाऊजींकडेच आहे. आणि शांतिसागर हे नाव आम्ही बंद केलं, आईसकट.

पण त्या ओरडण्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. मी गाडीत बसले, पण गाडी सुरू करायचं धाडस होईना. ते म्हणाले, "हे बघ, शाळेपाशी मला भीती वाटणार आहे. तिथे हळू घे." खरं सांगते, इतका धीर मला त्यांच्या कुठल्याच 'छान'ने दिला नव्हता. मी इतकी हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. शाळेपाशी तेच आजोबा, तीच पिशवी. मला पाहून ते जागीच थबकले. मी आपणहून थांबले आणि हाताने त्यांना आधी जायला सांगितलं.

"छान," भाऊजी म्हणाले. या खेपेला तोंड उघडून.