पुरलेली मडकी

माझ्या हाताला गुण आहे, असे धारेत सगळे म्हणत. हिने वाळकी काटकी रोवली तरी पालवी फुटेल, असे शेजारणी एकमेकींना सांगत आणि मी मान खाली घालून हसत असे. ते साफ खोटे होते. गुण होता तो कच्च्या भाजलेल्या मडक्यांचा. ही गोष्ट जिला सांगायला हवी होती तिला मी दोनदा सांगितली नाही. आता माझे वय झाले आहे, आणि मनात साठलेले घेऊन मरण्याची मला हौस नाही.

माझे माहेर देवासचे. तिथे एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, मध्ये नुसता रस्ता. आमचे घर एका पातीत आणि गोड्या पाण्याची विहीर दुसऱ्या पातीत. कळशी घेऊन निघाले की वडील म्हणत, "निघाली स्वारी परराज्यात!" पण तिथे पाणी होते, आणि परसात डाळिंब होते. लग्न होऊन धारेला आले तेव्हा छपन्याचा, म्हणजे संवत १९५६चा, दुष्काळ नुकता सरला होता. यजमान दरबारच्या कचेरीत कारकून. सरकारी घर मिळाले होते, तीन खोल्या आणि मागे ऐसपैस परस. परसात एक बाभूळ आणि एक विहीर. विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी, मग चिखल. माळव्यात पावलोपावली पाणी, असे म्हणायची पद्धत आहे. ज्याने हे म्हटले त्याने चैत्रात आमच्या विहिरीत बादली सोडून पाहायला हवी होती.

बाजारात त्या वर्षी भाजी म्हणजे वाळलेली गवार नाहीतर किडकी वांगी. "आज पुन्हा वरणच?" असे हे रोज विचारत, जणू मी भाजी पदराखाली लपवून ठेवली होती. शेवटी मी पदर खोचला आणि परस खणायला घेतले. न्हाणीचे पाणी चर काढून अळूकडे नेले. भांडी विसळलेले पाणी भोपळ्याला. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी माहेराहून ओल्या फडक्यात बांधून आणलेल्या डाळिंबाच्या फांदीला. गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून आणखी कळश्या आणत होते त्या वेगळ्याच. इतके करून पहिल्या उन्हाळ्यात सगळे जळाले. काळी जमीन हातभर फाटली आणि फाटताना मुळेही तोडून गेली. डाळिंबाची तेवढी एक फांदी कशीबशी जिवंत राहिली.

नवरात्राआधी घट विकायला एक कुंभारीण दारोदार येई. तिने माझे परस पाहिले, माझी कळशी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बई, ऊपर से पाणी नाखोगा तो आधो सूरज पीवेगो, आधो धरती. झाड ने कई मिलेगो?"

मी म्हटले, "वरून नाही ओतायचं, तर मग काय करू? झाडाला उचलून पाण्यात बसवू?"

ती हसली. म्हणाली, "थारा घर में नवरात को घट नी बैठे कई?"

घट बसत होता. दर वर्षी बसत होता. पत्रावळीवर माती, तीत धान्य पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. घट पाझरतो, माती ओली राहते आणि नऊ दिवसांत धान वीतभर वर येते. लहानपणापासून ते पाहत होते, हात जोडत होते आणि देवीची कृपा म्हणत होते. आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आले नाही की देवघरात जे मातीला चालते ते परसातही चालेल. देवाचे ते देवाचे आणि परसाचे ते परसाचे. त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईने मला एका वाक्यात शहाणे केले, त्याचा मला तेव्हा थोडा रागच आला.

भट्टीत नीट न भाजलेली, पाणी झिरपते म्हणून कोणी घेत नाही अशी मडकी तिच्याकडे ढिगाने पडलेली असत. एका भोपळ्याला चार मडकी, असा आमचा सौदा ठरला. भोपळे तेव्हा वेलावरही नव्हते, पण तिने विश्वास ठेवला. मी ती मडकी रोपांशेजारी गळ्यापर्यंत पुरली. आत पाणी भरायचे, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा आणि सभोवार माती आणि ज्वारीचे धाट पसरायचे. पाचव्या दिवशी पुन्हा भरायचे. वरून पाहणाऱ्याला वाटे, चालायला फरश्या टाकल्या आहेत. एक कळशी पाणी जिथे घटकाभर पुरत नव्हते तिथे पाच दिवस पुरू लागले. मुळे मडक्याला बिलगून बसत.

तिसऱ्या वर्षी भर चैत्रात माझ्या परसात दोडके लोंबत होते. बालोरच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा होत्या, अळू होते, दोन पपया होत्या, लिंबू फुलावर आले होते. भोपळे तर इतके, की कुंभारणीने "बस कर बई" म्हणून हात जोडले. गल्लीत माझ्या हाताचे कौतुक सुरू झाले. ते मला आवडले. आवडले म्हणून मी कोणाला मडकी दाखवली नाही. यजमानांनाही ठाऊक नव्हते. झाडांना पाणी कोण घालते हेच ज्यांना माहीत नव्हते, त्यांना ते कुठून जाते हे कुठून कळणार?

पाचव्या पावसाळ्यात डाळिंबाने फळ धरले. सात फळे. खारींच्या आणि किडीच्या भीतीने प्रत्येक फळ मी माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधले. त्याच वेळी मला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले होते ते डाळिंबाचेच. रोज जाऊन चिंध्या चाचपून पाहायची. दिवाळीला सोडायच्या, असे ठरवले होते.

दिवाळीला वरिष्ठांकडे डाली पाठवायची रीत होती. टोपलीत फळे, भाज्या, वर फुले, रेशमी रुमाल. लोक बाजारातून आणून पाठवत. यजमानांनी बाजारातून आणले नाही. धनत्रयोदशीला सकाळी मी परसात गेले तर झाडाखाली सात चिंध्या पडल्या होत्या. मी त्या हातात घेऊन आत आले.

"अगं, डाळिंबं पुढल्या वर्षीही येतील," हे म्हणाले. "साहेबांची मर्जी दर वर्षी येत नाही."

एक फळ ठेवले असते, तर साहेबांनी मोजून पाहिले असते का? तो राग आज चाळीस वर्षांनी लिहितानाही बोटांत उतरतो.

साहेबांची मर्जी झाली. चैत्रात साहेबांच्या बाईसाहेब आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हे प्यायल्या आणि परस पाहायला गेल्या. आजूबाजूला सगळे करपलेले आणि आमच्याकडे हिरवेगार. "घर छान आहे हो तुमचं," त्या दोनदा म्हणाल्या. वैशाखात हुकूम आला. यजमानांना बढती, कुक्षीला. आणि घर बाईसाहेबांच्या भावाला, जो तेव्हाच कचेरीत नवीन लागला होता. हे पेढे घेऊन आले. मी विचारले, "आपण डाली पाठवली नसती, तर त्यांना हे घर दिसलं असतं का?" त्यावर ते म्हणाले, की तुला बढतीचे सुख नाही. खरे होते. मला बढतीचे सुख नव्हते.

आमची गाडी भरत होती त्या दिवशी बाईसाहेबांची भावजय घर पाहायला आली. सोबत तिची सासू, विधवा, तोंडाने तिखट. भावजय पंधरा-सोळा वर्षांची असेल, जेमतेम पदर सांभाळणारी. सासू खोल्या मोजत फिरत होती आणि ही परसात जाऊन डाळिंबाजवळ उभी राहिली. आयत्या बिळावर नागोबा, असे मी मनात म्हटले. पण ती नागोबा नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होते. ती भ्यायलेली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "मला बागेतलं काही येत नाही. पाणी कसं घालता तुम्ही? मी सगळं तुमच्यासारखंच करीन."

ती एका फरशीवर उभी होती. मडकी मी त्या सकाळीच काठोकाठ भरली होती, सवयीने. वाकून ती फरशी सरकवली असती तरी पुरे होते, बोलायचीसुद्धा गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे त्या सात चिंध्या आल्या.

"त्यात काय कसं?" मी म्हटले. "बादलीनं. सगळे घालतात तसंच."

"रोज?"

"रोज. भरपूर."

तिने अगदी मन लावून मान हलवली. पाच दिवस बाग हिरवी राहणार होती आणि सहाव्या दिवसापासून तिच्या हाताखाली मरणार होती. हे मी जाणत होते. जाणूनच बोलले.

आषाढात धारेहून कचेरीतला एक माणूस कुक्षीला आला. जेवताना त्याने सांगितले, तुमची बाग जळाली हो, डाळिंबाचं सरपण झालं. मी त्याला आग्रहाने वाढले. मला आनंद झाला होता, तो का लपवू? हात धुताना मात्र आठवले, की ती फांदी माझ्या माहेरची होती. सूड घेतला तो माझ्याच झाडावर. साहेबांचे काय गेले? ते दुसऱ्या कोणाची डाली खात असतील. कुक्षीच्या घरात मी एक तुळस सोडून काही लावले नाही. माझी मुलगी निंबोळ्या वेचून खेळत मोठी झाली.

बारा वर्षांनी नवरात्रासाठी धारेला दिरांकडे गेले होते. घटस्थापनेच्या सकाळी आमच्या जुन्या घरून निरोप आला, तिथल्या सासूबाईंनी बोलावले आहे, ताबडतोब. गेले. म्हातारी आता काठी टेकीत होती, पण जीभ तशीच.

"तुमच्या हाताला गुण आहे म्हणून बोलावलं. आमच्याकडे सुनेनं धान पेरायची रीत. पण हिचा हात म्हणजे निखारा. तुम्ही सोन्यासारखी बाग ठेवून गेलात, हिनं महिन्यात जाळलीन. तेव्हापासून मी हिला घटाला हात लावू देत नाही, तुळशीला पाणी घालू देत नाही. दर वर्षी कोणा सवाष्णीच्या पाया पडायचं."

ती दाराशी उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि पाहुण्यांसमोर हे ऐकताना तिने नुसते खाली पाहिले. ऐकून ऐकून तिला ते खरे वाटत होते, एवढे मला कळले. मागच्या दारातून परस दिसत होते. बाभूळ होती. मोकळ्या काळ्या जमिनीत माझ्या फरश्या तशाच होत्या आणि एकीवर कोणी धुणे आपटायला बसत असावे, ती गुळगुळीत झाली होती.

मी पाटावर बसले. माती पसरली, सात धान्ये पेरली, मध्ये घट ठेवला आणि पाणी भरले. थोड्याच वेळात घटाच्या अंगावर ओल चढली आणि खालची माती काळी झाली. ती माझ्या शेजारी वाकून पाहत होती, अगदी श्रद्धेने, माझ्या हातांकडे. मडक्याकडे नव्हे. आता सांग, असे मी स्वतःला म्हटले. सांगितले असते तर म्हातारीसमोर, दिरांच्या घरी, साऱ्या धारेत कळले असते की मी एका पोरीला जाणूनबुजून फसवले. बाहेर माझी बारा वर्षांची मुलगी ओसरीवर उभी होती, तिलाही कळले असते. मी मूग गिळले. घटाला हळदकुंकू वाहिले आणि उठले.

दसऱ्याला आमची गाडी निघाली तेव्हा ती मुलाला घेऊन धावत आली. मुलाच्या हातात घटाच्या धानाचा तुरा होता, पिवळसर हिरवा, चांगला वीतभर.

"केवढं आलंय बघा, वहिनी," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, असं कधी आलं नव्हतं. मी दुरूनच पाहायची हं, हात नाही लावला. हे काढलं तेसुद्धा मुलाकडून."

मी तुरा घ्यायला हात पुढे केला. तिने मुलाला जवळ बोलावले आणि त्याच्याकडूनच तो माझ्या अंबाड्यात खोववला, म्हणजे वाटेत तो कोमेजायला नको.