बंधाऱ्यानं अडवलेलं पावणं

आमच्या गावातून नदीपल्याड जायला जवळची वाट एकच, आजोबांच्या काळातला काँक्रीटचा बंधारा. पावसाळा सरला की खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे जाड फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून ठेवायचे. गावचा ऊस त्याच पाण्यावर. दुधाच्या गाड्या, कॉलेजची पोरं, नवरदेवाची वरात, सगळं त्याच्याच डोक्यावरून जातं. पूर आला की मात्र स्वारी पाण्याखाली!

मला बघायला पलीकडच्या गावचं पावणं आलं ते नेमकं भर पुराच्या दिवसांत. पोरगा आणि त्याची आई. मी साडी नेसून, पोहे देऊन गप्प बसले. मला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण पोरगा आवडला होता की, म्हणून सोसलं. च्या पिऊन ती दोघं उठतायत तोवर निरोप आला, बंधारा बुडाला. लांबच्या पुलावरही पाणी. झालं! पावणं मुक्कामाला.

तो दिवस कसाबसा तोंड मिटून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पूर बघायला नदीवर. तिथं हा पठ्ठ्या मोबाईल काढून फोटोसाठी निघाला थेट बंधाऱ्यावर, घोटाभर पाण्यात! माझं डोकंच सटकलं.

"ए, मागं फिर की! मराय आलायस व्हय आमच्या गावात?"

अख्खं गाव वळून बघाय लागलं. तो मुकाट्यानं मागं फिरला. माझ्या आईनं कपाळावर हात मारला. "जमत आलेली सोयरीक घालवलीस की गं, भवाने!"

पुढं दिवसभर त्याची आई माझ्याशी चकार शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. त्याची आई चप्पल घालता घालता आमच्या वडलांना म्हणाली, "बरं हाय तर. कळवतो."

कळवतो! याआधी दोन स्थळांनी हेच म्हटलं होतं, आणि कुणी काही कळवलं नव्हतं. मला राहवेना.

"मावशी, मला पोरगा पसंत हाय. तुमचं काय असंल ते आत्ताच सांगा."

वडील खाली बघाय लागले. पोरगा लालबुंद. त्याच्या आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चप्पल काढली आणि परत सोप्यात येऊन बसली.

"सून बोलाय लागल्यावर सासूनं उभ्यानं कसं ऐकायचं? टाक च्या."