सव्वा मूठ गहू

पिंपळनेरची झुंबरबाई खापरावरच्या मांड्यांसाठी चार गावांत नावाजलेली. पण स्वतः मात्र दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. लग्नाला गेली तरी पितळी तांब्या घरून भरून न्यायची. बायका चेष्टा करायच्या, हिला त्याचं सोयरसुतक नसे.

असल्या बाईवर रक्त मागत फिरायची वेळ आली. तिची धाकटी लेक दिपमाला वीस वर्षांची. कुठं न आपटता तिच्या दंडावर काळेनिळे डाग उठू लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, दोन पायऱ्या चढली की धाप. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त फार कमी आहे, आधी ते चढवा.

धुळ्याच्या रक्तपेढीत म्हणाले, तुमच्या माणसाची पिशवी इथं जमा होईल, पेशंटला आमच्याकडची मिळेल. झुंबरबाई दारातच फतकल मारून बसली. आपल्या पोराचं रक्त दुसऱ्याला आणि कुणाचं कोण जाणे ते आपल्या लेकीला, हे तिला पटेना. शेवटी तिच्या हट्टापुढे सगळ्यांनी हात टेकले. गट जुळतच होता. आधी थोरला मुलगा किरण, मग दोन चुलतभाऊ, मग पुन्हा किरण. सात महिने लेकीच्या अंगात फक्त घरचं रक्त गेलं आणि ही ते गावभर अभिमानानं सांगत राहिली.

नाशिकला हाडातला मगज तपासला तेव्हा खरा आजार कळला. मगजानं रक्तपेशी तयार करणंच सोडलं होतं. लाखात एखाद्याला होणारं दुखणं. खात्रीचा उपाय एकच, भावाचा मगज तिच्या अंगात घालायचा. किरणचा पुरता जुळला. झुंबरबाईनं तिथंच घरच्या देवीला, कानबाईला हात जोडले.

"आजवर रक्त कुणाचं दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बठ्ठं घरनंच, बाई. बाहेरनं एक थेंब नही."

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल मिटली. मग त्यांनी सावकाश समजावलं. घरच्यांचं रक्त आधी गेलं की अंग ते ओळखायला लागतं, आणि पुढे त्याच घरचा मगज झिडकारू शकतं. म्हणून या आजारात रक्त परक्याचंच द्यायचं असतं.

तरी माघात मगज घालायचा प्रयत्न झाला. अंगानं किरणचा मगज धरला नाही. "त्याच कारणानं झालं असं सांगता येत नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण झुंबरबाईनं मनात निकाल लावून टाकला होता. लेकीला मी माझ्या हातानं मारलं. त्यानंतर तिनं मांड्यांची बोलावणी घेतली नाहीत. ज्या हातांचं एवढं कौतुक, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आता दर आठवड्याला प्लेटलेट, पंधरा दिवसांनी रक्त, आणि तेही परक्याचं. रक्तपेढीतून कुणीतरी नीलेशचा नंबर दिला. धुळ्यात त्याचं पंक्चरचं दुकान. धाकटा भाऊ याच आजारानं गेला, तेव्हापासून रक्त देणाऱ्यांची नावं त्याच्या मोबाइलमध्ये. एकदा रक्तपेढीतल्या बाकावर शेजारी बसून तो म्हणाला, "मावशी, भावाला मीपण माझंच रक्त दिलं होतं. तीनदा."

झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि माघापासून अडलेलं रडू तिला तिथं फुटलं. नीलेशनं बोलावलेला सातपुड्यातला वेस्ता त्याच दिवशी प्लेटलेट द्यायला आला होता. मजुरी बुडवून दोन तास यंत्राला हात बांधून पडलेला. त्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. ती घटाघटा प्याली.

श्रावणात कानबाईचा सण आला. रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, ही त्यांच्या घरची रीत. झुंबरबाई सूप घेऊन बसली. झुलाल, नवरा प्रेमराज, किरण, पुतणे झाले. हात थांबला नाही. "नीलेश," ती म्हणाली. "वेस्ता. अभिमन. हितेंद्र."

थोरले दीर झुलालआबा पुढं सरकले. "किरणनी माय, ह्या कोन शेतस? आपला भाऊबंद का?"

"आबा, मनी पोरना आंगमा आते त्यासनंच रगत शे. त्या भाऊबंद नहीत, ते कोन शेतस?"

आबा ओसरीवर जाऊन बसले.

नावं संपली. झुंबरबाईनं आणखी एक मूठ भरली, वर चिमटभर गहू टाकला. "दिपमाला."

खाटेवर पडलेली दिपमाला हसली. हिरड्या पुन्हा लाल झाल्या होत्या. "माय, पोरीसनी मूठ नही लेतस. पोरी दुसरा घरले जातीस ना."

झुंबरबाईची मूठ सुपावर तशीच राहिली. मागच्या दिवाळीनंतर सोयरिकीला आलेले पाहुणे आजार कळताच चहा न घेता उठले होते, ते दोघींनाही आठवलं.

"तू कोठे जाशी वं, बेटा," ती म्हणाली आणि मूठ उघडली. "तू आठेच शे, आपला घरमा."