चौदा सुया आणि अर्धा कोयता

मनकर्णाच्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं, तेव्हा घरच्यांनी जखमेत मिरची भरली आणि त्याला सात विहिरींत डोकावायला लावलं. जखम भरली. दीड महिन्यानं मात्र पाण्याचा तांब्या बघूनच त्याचा गळा आवळू लागला आणि चार दिवसांत तो गेला. मनकर्णा तेव्हा नऊ वर्षांची होती.

म्हणून चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याची, शहादेवची, पिंढरी तसल्याच कुत्र्यानं धरली, तेव्हा सासू विहिरी मोजत बसली आणि मनकर्णानं जखम हापशाखाली साबणानं खळखळून धुतली. वडवणीहून पहिल्या एस.टी.नं त्याला बीडच्या दवाखान्यात नेलं.

सिस्टर म्हणाल्या, "हा रोग शिरेशिरेनं मेंदूकडं चढतो, बाई. सुयांनी अंगात राखणदार तयार होतात. ते आधी पोचले तर माणूस वाचतो. रोग मेंदूत शिरल्यावर औषध नाही. चौदा दिवस, रोज पोटात सुई. जड काम बंद."

परळीच्या वैजनाथाच्या तसबिरीपुढं ती सुईगणिक एक बेलाचं पान ठेवू लागली. सहा पानं झाली आणि ऊसतोडीचा ट्रक दारात आला.

मुकादम बंकट पिंढरीकडं बघून म्हणाला, "खपली धरलीय की बे! सुईवाल्या बाईवर जीव जडला का काय? चढ."

शहादेवचं पोट सुजून दगड झालं होतं. त्याला निमित्तच हवं होतं. तो चढला. मनकर्णानं ट्रकमध्ये चढवलेलं आपलं पिठाचं पोतं खाली ओढलं आणि त्यावर बसली.

"कावून उतरवलं गं? बरी हाय जखम," शहादेव म्हणाला.

"वरून बरी हाय. माझ्या भावाचीबी झालती."

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता बंकट कधी नेत नसे.

"बंकटभाऊ, न्यायचाच तर अर्धा न्या," ती म्हणाली. "न्हाईतर आठ दिवसांनी आमी आमच्या पायानं येतो."

ट्रकमधून टोळीतली भिवराबाई ओरडली, "उतर रं शहादेव! भाकर थापणारी तर पिठावर बसलीय, तिकडं काय ऊस चघळतो?"

सगळा ट्रक हसला. शहादेव धुसफुसत उतरला. ट्रक निघून गेला.

चौदावी सुई झाली त्या दिवशी नंतर घ्यायच्या जादा सुईच्या तारखेची चिठ्ठी मनकर्णानं पदराला बांधली. स्टँडवर शहादेव रांजणातलं पाणी घटाघटा प्यायला. ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली.

"काय बघतीस?"

"प्या. अजून एक गलास प्या."

दुसऱ्या दिवशी चौदा पानं तिनं ओढ्यात सोडली आणि पिठाचं पोतं डोक्यावर घेतलं.

"चला आता," ती म्हणाली.